एकांत की सहवास : आयर्लंडच्या पारंपरिक कला आणि निवासी कलावंत

एखाद्या कलावंताला ठरावीक काळापुरती राहण्याची जागा, कामासाठी खोली आणि चरितार्थापुरते मानधन देऊन त्याला आपल्या कलेत पूर्णवेळ गुंतू देणारी जी व्यवस्था असते, तिला युरोपात ‘रेसिडेन्सी’ असे नाव आहे आणि तिचा लाभ घेणाऱ्याला निवासी कलावंत म्हटले जाते. ही व्यवस्था घडली ती मुख्यतः चित्रकार, शिल्पकार आणि लेखक यांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून. तिच्यात एकांताला आणि नव्या, स्वतंत्र निर्मितीला मध्यवर्ती स्थान मिळाले, ते त्यामुळेच. आयर्लंडमध्ये ती पारंपरिक कलांच्या क्षेत्रात आली, तेव्हा मात्र एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. जी कला कानाने शिकली जाते, जिचा बराचसा ठेवा कोणा एकाच्या नावावर नसतो आणि जिला समोर ऐकणारा लागतोच, त्या कलेच्या साधकाला एकांत द्यावा की सहवास, हा तो प्रश्न होय. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या आयरिश संस्थांनी त्याला दिलेली उत्तरे परस्परांपासून बरीच वेगळी आहेत आणि ती समजून घ्यायची तर आधी या कलांचे स्वरूप आणि त्यांच्या पोटापाण्याचा जुना इतिहास पाहावा लागतो.

आयर्लंडमध्ये पारंपरिक कला या संज्ञेत वाद्यसंगीत, गायन, नृत्य आणि मौखिक कथाकथन यांचा समावेश होतो. वाद्यांमध्ये फिडल, म्हणजे लोकशैलीने वाजवले जाणारे व्हायोलिन, लाकडी बासरी, टिन व्हिसल ही धातूची छोटी बासरी, कॉन्सर्टिना आणि अ‍ॅकॉर्डियन ही भात्याची वाद्ये, बँजो, हार्प आणि इलन पाइप्स ही प्रमुख आहेत. इलन पाइप्समध्ये वादक तोंडाने फुंकत नाही; सामान्यतः तो उजव्या कोपराखालच्या भात्याने पिशवीत हवा भरतो, डाव्या कोपराने पिशवीवरचा दाब सांभाळतो, दोन्ही हातांच्या बोटांनी मुख्य नळीवर धून वाजवतो आणि जोडीला मनगटाने आणखी काही नळ्यांच्या चाव्या दाबून साथीचे स्वर काढतो. गायनात ‘शॅन-नोस’ ही आयरिश भाषेतील जुनी शैली सर्वांत मानाची समजली जाते; तीत गाणारा एकटाच, वाद्यांच्या साथीशिवाय, तालाच्या काटेकोर बंधनातून मोकळा राहून गातो आणि तेच गाणे पुन्हा गाताना त्यातील हरकती बदलत राहतो. नृत्याच्या धुना रचनेने साध्या असतात. आठ-आठ आवर्तनांचे दोन भाग आलटून पालटून वाजतात आणि सगळे कौशल्य अलंकरणात, लयीच्या झोलात आणि त्या त्या भागाच्या धाटणीत असते. केरी आणि कॉर्क या परगण्यांच्या सीमेवरील स्लीव लूखरा भागातला फिडलवादक पोल्का ज्या उसळीने वाजवतो, ती उत्तरेतील डनिगॉलच्या वादकाकडे सापडत नाही. त्याचे गज चालवणेच निराळे असते. ही धाटणी स्वरलिपीत पुरती उतरत नाही, ती माणसाजवळ बसून घ्यावी लागते.

आश्रयाचा इतिहास या कलांना नवा नाही. मध्ययुगीन आयर्लंडमध्ये गेलिक सरदारांच्या पदरी कवी आणि हार्पवादक असत आणि त्यांना जमिनी, गुरेढोरे व मानमरातब मिळत. १६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत गेलिक सरदारांचा इंग्रजांकडून पराभव झाला, १६०७ मध्ये उत्तरेतील प्रमुख सरदार देश सोडून युरोपात निघून गेले आणि पदरी कलावंत बाळगणारा वर्गच हळूहळू नाहीसा झाला. त्यानंतर हार्पवादक फिरस्ते झाले. त्यांच्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव टर्लो ओकॅरोलन यांचे. १६७० मध्ये जन्मलेल्या या मुलाची दृष्टी अठराव्या वर्षी देवीच्या रोगाने गेली, तेव्हा त्याच्या कुटुंबाला आसरा देणाऱ्या मॅक्डर्मट रो घराण्यातील मालकिणीने त्याला हार्पचे शिक्षण मिळवून दिले आणि ते पुरे झाल्यावर एक घोडा, एक वाटाड्या आणि थोडा पैसा देऊन मार्गस्थ केले. पुढे आयुष्यभर ओकॅरोलन एका जमीनदाराच्या वाड्यातून दुसऱ्याच्या वाड्यात मुक्काम करीत राहिले आणि यजमानांच्या नावाने धुना रचत राहिले. अशा धुनांना ‘प्लँक्स्टी’ म्हणतात. त्यांच्या दोनशेहून अधिक रचना आज उपलब्ध आहेत. १७३८ मध्ये ते मरण पावले, तेही रॉसकॉमनमधील त्याच पहिल्या आश्रयदात्या घरी. निवास, मानधन आणि त्या बदल्यात निर्मिती हा करार तेव्हा कागदावर नव्हता; तरी आजच्या योजनेचे सगळे घटक त्यात दिसतात.

हा आश्रय आटला की काय होते, याचा दाखला १७९२ च्या जुलैत बेलफास्ट येथे मिळाला. जुन्या हार्पवादकांचा ठेवा वाचवावा म्हणून तेथे मेळावा भरवण्यात आला, तेव्हा साऱ्या आयर्लंडमधून अवघे दहा वादक आले आणि अकरावा वेल्समधला होता. त्यांच्यातील डेनिस हेम्पसन नव्वदी ओलांडलेले होते आणि धातूच्या तारा वाढवलेल्या नखांनी छेडण्याची प्राचीन पद्धत जमलेल्यांपैकी फक्त त्यांच्याकडे उरली होती. एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंग या ऑर्गनवादकाला धुना उतरवून घेण्यासाठी बसवले होते. त्याने ते काम पुढे आयुष्यभर चालवले आणि १७९६, १८०९ व १८४० मध्ये तीन संग्रह प्रसिद्ध केले. धुना वाचल्या, पण वाजवण्याची ती पद्धत त्या पिढीबरोबर गेली, कारण हेम्पसनजवळ वर्ष-दोन वर्षे बसून शिकण्यासाठी कोणा तरुणाला पोसावे, असे त्या मेळाव्यात कोणाला सुचले नाही. उतरवून घेणे आणि शिकून घेणे यांतील हे अंतर पारंपरिक कलांविषयीच्या प्रत्येक धोरणाच्या मुळाशी आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

जमीनदारांच्या वाड्यांबाहेर, सामान्य शेतकऱ्यांच्या वस्तीत, मुक्कामी कलावंताची आणखी एक परंपरा होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नृत्यशिक्षक गावोगाव फिरत. बरोबर पाइप्सवादक किंवा फिडलवादक असे, एका वस्तीत साधारण सहा आठवडे मुक्काम होई, शेतकरी आळीपाळीने त्यांना घरी ठेवून घेत आणि मुलांना शिकवण्याची फी ठरलेली असे. विसाव्या शतकातही या परंपरेचा एक तेजस्वी प्रतिनिधी होऊन गेला. स्लीव लूखरा भागातील पाड्रिग ओकीफ (१८८७–१९६३) यांनी शाळामास्तरकी सुटल्यानंतर डोंगरवाटा पायी तुडवत घरोघर फिडल शिकवले. शिष्यांना स्वरलिपी वाचता येत नसे, म्हणून त्यांनी स्वतःची लिपी तयार केली. पाच रेघांमधील चार मोकळ्या जागा म्हणजे फिडलच्या चार तारा आणि त्यांत लिहिलेले आकडे म्हणजे कोणते बोट ठेवायचे ते. डेनिस मर्फी आणि त्यांची बहीण ज्युलिया क्लिफर्ड हे त्यांचे शिष्य पुढे या शैलीचे मानदंड ठरले. ओकीफ यांना कोणत्याही संस्थेचे मानधन नव्हते. चार पैशांची फी आणि शेतकऱ्याच्या घरातले जेवण यांवर एका अख्ख्या प्रदेशाची शैली तरली.

ही स्वयंपाकघरातली शाळा मोडत गेली. १८४५ पासूनच्या महादुष्काळाने आणि त्यानंतरच्या अखंड स्थलांतराने खेडी रिकामी केलीच होती. त्यातच १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने नाचासाठी परवाना सक्तीचा केला आणि धर्मगुरू व पोलीस यांनी त्याचा आधार घेऊन घरगुती नाचांवरही टाच आणली. १९५१ मध्ये दोन संस्था जन्मल्या आणि त्यांच्यातील दरी पुढे अर्धशतक टिकली. एक म्हणजे वादकांनी स्वतः उभी केलेली ‘कोल्टस क्योल्तोरी एरन’, जिने स्थानिक शाखा आणि वार्षिक महोत्सव यांच्या बळावर वादनाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. दुसरी म्हणजे सरकारने कायद्याने स्थापन केलेली आर्ट्स कौन्सिल, म्हणजे कलांना अनुदान देणारे राष्ट्रीय मंडळ. या मंडळाची नजर बराच काळ चित्रकला, नाटक, साहित्य आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांच्याकडे राहिली, आणि फिडलवादक हा हौशी समाजकार्याचा विषय मानला गेला. फिडलवादकाला कलावंत म्हणून मोजायला राज्यसंस्थेला इतका काळ लागावा, ही खेदाची गोष्ट आहे.

या उपेक्षेमागे केवळ अभिरुची नव्हती, कलावंताची एक विशिष्ट व्याख्याही होती. १९६९ मध्ये आयर्लंडने कलावंतांना आयकरात सवलत दिली, तिचे जगभर कौतुक झाले. पण ती पुस्तक, नाटक, संगीतरचना, चित्र आणि शिल्प अशा स्वतंत्र मौलिक कृतींच्या उत्पन्नापुरती होती आणि शतकापूर्वीची धून अप्रतिम वाजवणाऱ्याची बिदागी तिच्यात बसत नव्हती. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईसडॉना’ या मानाच्या कलावंत मंडळाचेही तसेच. त्याच्या सभासदांपैकी गरजूंना ‘क्नूअस’ नावाचे वार्षिक मानधन मिळते, सभासदसंख्येला अडीचशेची मर्यादा आहे आणि प्रवेशाचा निकष आहे मौलिक निर्मिती. परंपरेतला गायक मात्र निर्मितीची ग्वाही देत नाही. तो हे गाणे अमक्या गावच्या अमक्या बाईकडून घेतले असे अभिमानाने सांगतो, आणि त्याच्या जगात हीच त्याची पात्रता असते. २००३ च्या कला कायद्यात कलेची व्याख्या करताना सर्जनशील अभिव्यक्तीबरोबर आधीच्या कृतीचा आविष्कार करणाऱ्या अभिव्यक्तीलाही स्थान मिळाले आणि ती पारंपरिक असो वा समकालीन, असे स्पष्टपणे नमूद झाले. त्यानंतर पारंपरिक कलांसाठी नेमलेल्या विशेष समितीचा अहवाल २००४ मध्ये आला आणि त्याच्या आधारे ‘डेश’, म्हणजे संधी, या नावाची स्वतंत्र अनुदान योजना सुरू झाली. पारंपरिक कलावंताला सार्वजनिक पैशाने निवासी राहता यावे, याची वाट या टप्प्यावर खऱ्या अर्थाने खुली झाली.

एकांताच्या बाजूचे सर्वांत प्रतिष्ठित उदाहरण म्हणजे मॉनॅहन परगण्यातील अ‍ॅनामकेरिग येथील टायरोन गथ्री केंद्र. नाट्यदिग्दर्शक सर टायरोन गथ्री यांनी तळ्याकाठचा आपला वडिलोपार्जित वाडा कलावंतांच्या निवासासाठी देशाला दिला. ते १९७१ मध्ये वारले आणि दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, केंद्र सुरू झाले. आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड या दोन्हींच्या कला मंडळांचा त्याला आर्थिक आधार आहे, ही राजकीय तणावाच्या त्या काळात लहान गोष्ट नव्हती. दिवसभर कोणी कोणाला त्रास द्यायचा नाही आणि संध्याकाळी सर्वांनी एका टेबलाभोवती जेवायचे, एवढाच तेथील मुख्य शिरस्ता. अनेक परगण्यांच्या स्थानिक परिषदा आपल्या भागातील कलावंतांचा तेथील खर्च उचलतात आणि त्यांत पारंपरिक वादकांनाही वाव असतो. नवी रचना बांधायची असेल किंवा ध्वनिमुद्रणापूर्वी धुनांचे गुच्छ जुळवायचे असतील, तर हा एकांत वादकालाही मोलाचा ठरतो. पॅरिसमध्ये अठराव्या शतकातील जुन्या आयरिश महाविद्यालयाच्या इमारतीत २००२ मध्ये उघडलेले आयरिश सांस्कृतिक केंद्रही निरनिराळ्या कलाक्षेत्रांतील आयरिश कलावंतांना असाच निवास आणि मानधन देते.

परंतु एकांत परंपरेला नेमका कोठे कमी पडतो, हे केरी परगण्याच्या टोकावरील किल रियलिग या वस्तीच्या इतिहासातून जितके स्पष्ट होते, तितके कोणत्याही धोरणपत्रातून होणार नाही. समुद्रावरच्या कड्याला चिकटून असलेली ही दगडी घरांची ओसाड वस्ती १९९० च्या दशकात दुरुस्त करून कलावंतांसाठी निवासस्थान म्हणून खुली करण्यात आली आणि अनेक देशांचे चित्रकार तेथे येऊन राहिले. याच वस्तीत शॉन ओ कोनल (१८५३–१९३१) हे शेती आणि मासेमारी करणारे कथाकथनकार राहत होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि इंग्रजीही येत नव्हते. मात्र आयरिश भाषेतील कथांचा प्रचंड साठा त्यांना मुखोद्गत होता. १९२३ मध्ये जेम्स डिलार्गी हा तरुण अभ्यासक त्यांच्याकडे पोहोचला आणि पुढील काही वर्षे वारंवार येऊन त्यांच्या कथा लिहून घेत राहिला. त्या कथांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आयरिश लोकविद्येतील पायाभूत ग्रंथांत त्याची गणना होते. दरम्यान, १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या आयोगाची धुराही डिलार्गी यांच्याकडे आली होती.

डिलार्गी यांनी या वृद्ध कथाकाराविषयी नोंदवून ठेवलेली एक गोष्ट निवासी कलावंतांच्या योजना आखणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. रात्री शेकोटीभोवती कथा ऐकायला जमणारी पिढी संपली होती, ऐकणारे उरले नव्हते आणि सराव सुटला तर कथा विसरतील ही भीती ओ कोनल यांना होती. म्हणून कोणी आसपास नाही असे वाटले की ते गुरे राखता राखता दगडी कुंपणासमोर उभे राहून, पूर्वी मैफलीत करीत तशा हातवाऱ्यांसह आणि आवाजाच्या चढउतारांसह, कथा मोठ्याने सांगत असत, आणि बाजाराहून परतताना चढणीवर आपल्या गाडीच्या मागच्या बाजूला कथा ऐकवत चालत. हा माणूस जगातल्या सर्वांत सुंदर एकांतात राहत होता आणि त्या एकांतानेच त्याची कला मरू घातली होती. चित्रकाराला किल रियलिग जे देते, ते कथाकाराला तेथे आधीच गरजेपेक्षा जास्त मिळाले होते. त्याला हवा होता तो हिवाळ्याच्या रात्री समोर येऊन बसणारा माणूस, आणि डिलार्गी यांच्या रूपाने तो काही काळ तरी त्याला लाभला. पारंपरिक कलावंताच्या निवासाचे मोजमाप त्याला किती शांतता मिळाली यापेक्षा त्याच्यासमोर कोण येऊन बसले यावर करावे, हा निष्कर्ष या हकिकतीतून अपरिहार्यपणे निघतो.

सहवासाचे उत्तर ज्यांनी दिले, त्यांत गॉलवे येथील विद्यापीठाचा उपक्रम विशेष उल्लेखनीय आहे. शहराच्या पश्चिमेला कॉनेमारा हा प्रदेश लागतो. तो ‘गेलटख्त’पैकी, म्हणजे आयरिश ही अद्याप रोजच्या व्यवहाराची भाषा असलेल्या भागांपैकी एक आहे. विद्यापीठाच्या आयरिश अध्ययन केंद्राने शॅन-नोस गायकाला निवासी कलावंत म्हणून नेमण्याची प्रथा पाडली असून तिला आर्ट्स कौन्सिल आणि गेलटख्त भागांच्या विकासासाठीचे शासकीय प्राधिकरण यांच्या भागीदारीतून आधार मिळत आला आहे. हा गायक विद्यार्थ्यांसाठी आणि नागरिकांसाठीही कार्यशाळा घेतो. गाणे एक-एक ओळ म्हणून, पुन्हा म्हणवून, कानाने दिले जाते. त्याबरोबरच त्या गाण्यामागची हकिकत, म्हणजे ते कोणी, कोणत्या बुडालेल्या होडीसाठी किंवा कोणत्या मोडलेल्या लग्नासाठी रचले, तीही दिली जाते, कारण ती माहीत नसताना गाणे म्हणणे जाणकारांना अपुरे वाटते. ज्यांना आयरिश ही शाळेतली सक्तीची भाषा म्हणून तेवढी परिचित असते, अशा शहरी तरुणांना ती गळ्यातून येणारी, जिवंत भाषा म्हणून पहिल्यांदा भेटते ती अनेकदा अशा वर्गात.

विद्यापीठांनी परंपरेला दार उघडण्याची सुरुवात यापूर्वी कॉर्कमध्ये झाली होती. संगीतकार शॉन ओ रिआडा १९६३ पासून १९७१ मधील अकाली मृत्यूपर्यंत तेथे शिकवत होते आणि अभिजात संगीताच्या विभागात आयरिश संगीताला त्यांनी मानाची जागा मिळवून दिली. त्यांच्या पठडीतले मीहॉल ओ सूलेवॉन यांनी १९९४ मध्ये लिमरिक विद्यापीठात संगीत आणि नृत्याची स्वतंत्र अकादमी उभारली. अशा ठिकाणी प्राध्यापक असताना निवासी कलावंत वेगळा कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, पदवी नसलेला पण तीन पिढ्यांचे वादन हातात असलेला साठीचा कॉन्सर्टिनावादक नेमणुकीच्या नियमांत कधीच बसणार नाही, आणि त्याला वर्षभर सन्मानाने व मानधन देऊन विद्यार्थ्यांमध्ये बसवण्याचा उपलब्ध मार्ग हाच आहे.

नृत्याच्या बाबतीत केरीमधील ट्रली येथील ‘शीम्सा टीरा’ या राष्ट्रीय लोकनाट्य संस्थेचे काम वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचले. फादर पॅट अहर्न यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या संस्थेने १९७० च्या दशकात फिन्यूग आणि कारिग या खेड्यांमध्ये प्रशिक्षणगृहे बांधली आणि उत्तर केरीतील जेरेमाया मॉलिनो या फिरत्या नृत्यशिक्षकाची पदन्यासशैली तेथे तरुणांच्या पायांत उतरवली. आजच्या अर्थाने ही रेसिडेन्सी नव्हे. पण शैली जिथली तिथेच घर बांधून शिकवण्याची ही कल्पना अनेक निवासी योजनांहून अधिक दूरदृष्टीची होती. अ‍ॅरन बेटांपैकी इनिशीर या सर्वांत लहान बेटावरील ‘आरस एना’ हे कलाकेंद्रही कलावंतांना आयरिश भाषिक वस्तीत राहण्याची संधी देते.

निवासाचा आणखी एक प्रकार गाव किंवा विद्यापीठाऐवजी संग्रहाशी जोडलेला असतो. डब्लिनमध्ये १९८७ मध्ये आर्ट्स कौन्सिलच्या पुढाकाराने आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालय स्थापन झाले. तेथे ध्वनिमुद्रिका, हस्तलिखिते आणि छापील संग्रह यांचा मोठा साठा आहे आणि कलावंतांना तो धुंडाळून नव्याने सादर करण्यासाठी पाठबळ दिले जाते. अशा कामाला वेळ किती लागतो याची कल्पना बाहेरून येत नाही. जॉनी डोरन या फिरस्त्या पाइप्सवादकाचे लोकविद्या आयोगाने १९४७ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण हे त्यांचे एकमेव मुद्रण आहे. पुढच्याच वर्षी अंगावर भिंत कोसळून ते जायबंदी झाले आणि १९५० मध्ये वारले. मूठभर धुनांच्या त्या मुद्रणावर पाइप्सवादकांच्या पिढ्या वाढल्या आहेत, कारण डोरन यांची मोकळी, उसळती शैली दुसरीकडे त्या रूपात ऐकायला मिळत नाही. एका धुनेतील एक वळण हातात बसवण्यासाठी वादक महिनोन्‌महिने ऐकत राहतो, आणि त्या महिन्यांत त्याला घरभाडेही भरावे लागते. पाइप्सवादक व्हायला सात वर्षे शिकणे, सात वर्षे सराव आणि सात वर्षे वादन लागते, अशी आयरिश लोकांत जुनी म्हण आहे. दोन आठवड्यांच्या निवासांची आखणी करणाऱ्यांनी ती विचारात घ्यावी. पाइप्सवादक लिअम ओफ्लिन यांच्या २०१८ मधील निधनानंतर आर्ट्स कौन्सिल आणि डब्लिनचे नॅशनल कॉन्सर्ट हॉल यांनी त्यांच्या नावाने सुरू केलेल्या पुरस्कारात पैशाबरोबर त्या सभागृहाच्या सान्निध्यात काम करण्याची संधीही जोडली आहे.

अर्जांवर आधारलेल्या या सर्व योजनांचा एक दोष वादकांच्या जगात उघडपणे बोलला जातो. अर्जाला ‘प्रकल्प’ लागतो आणि प्रकल्प म्हटला की काहीतरी नवे असावे लागते. मग उत्तम जुने वादन करणारा माणूस इलेक्ट्रॉनिक वाद्ये, चित्रफीत किंवा परदेशी सहकलाकार यांची जोड दाखवू लागतो. नव्याला विरोध करण्याचे कारण नाही. ओकॅरोलन यांनीही इटालियन संगीताचा प्रभाव आनंदाने स्वीकारला होता. परंतु एखाद्या गायिकेला आपल्या परगण्यातील चाळीस विस्मृत गाणी शिकून घ्यायची आहेत आणि दुसरे काहीही करायचे नाही, एवढाच अर्ज असेल, तर तोही पूर्ण मानधनास पात्र ठरला पाहिजे. दुसरा दोष घर सोडण्याच्या अटीत आहे. लहान मुले, म्हातारे आईवडील किंवा दुभती जनावरे असलेल्या माणसाला महिनाभर तळ्याकाठच्या वाड्यात जाता येत नाही, आणि पारंपरिक कलांचे कितीतरी वाहक नेमके अशाच घरांत असतात.

या दुसऱ्या अडचणीला आयर्लंडने २०२२ मध्ये एक धाडसी उत्तर दिले. कोविडच्या काळात पबमधले वादन, लग्नसमारंभ आणि शिकवण्या एकदम थांबल्याने कलावंतांची जी दैना झाली, तिच्यातून कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाची प्रायोगिक योजना निघाली. पात्र अर्जदारांमधून सोडत काढून २,००० कलावंत आणि कलाक्षेत्रातील कामगार निवडले गेले आणि त्यांना आठवड्याला ३२५ युरो मिळू लागले. यात प्रकल्प सांगावा लागत नव्हता आणि कोठे जाऊन राहावेही लागत नव्हते. तथापि, हे उत्पन्न कलावंताला वेळ देते, शिष्य आणि श्रोते देत नाही; गॉलवेच्या वर्गात गायक आणि विद्यार्थी समोरासमोर येतात ते कोणीतरी जागा, वेळ आणि आमंत्रण यांची व्यवस्था केली म्हणून. त्यामुळे मूलभूत उत्पन्न आले की रेसिडेन्सीची गरज संपते, हा काहींचा तर्क पारंपरिक कलांना तरी लागू होत नाही.

निवासी योजनांच्या चर्चेत फारसा न येणारा एक वर्ग मात्र उरतो, तो वाद्ये घडवणाऱ्यांचा. १९६८ मध्ये ‘ना पीबरी इलन’ ही पाइप्सवादकांची संस्था स्थापन झाली, तेव्हा वादकांची संख्या अगदी थोडी उरली होती; आज ही कला जगभर पसरली असून २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश केला आहे. वादक वाढले, पण पाइप्सचा पूर्ण संच हाताने घडवणारे कारागीर त्या प्रमाणात वाढले नाहीत आणि चांगल्या कारागिराकडे नोंदवलेल्या वाद्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागते. वाद्याचा प्राण असलेली वेताची पाती तर हवेतील ओलाव्याने रोज बदलते, आणि ती तासून जुळवण्याचे कसब शिकवणाऱ्याशेजारी बसल्याशिवाय येत नाही. या संस्थेने डब्लिनमध्ये वाद्यनिर्मितीचे प्रशिक्षण सुरू केले आहे. मानधनासह निवासाची जी सोय गायकाला आणि फिडलवादकाला मिळाली, ती लेथसमोर उभ्या असलेल्या कारागिराला आणि त्याच्या उमेदवार शिष्याला दोघांनाही, एकाच छताखाली आणि सलग काही वर्षांसाठी, मिळणे ही आता या क्षेत्राची सर्वांत निकडीची मागणी आहे.